डिकेड बॉक्स आणि 'सब सेम है'

मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडच्या एका काउंटरवर मी एकच प्रश्न विचारला होता, ''खटका फिरवताना मधेच सर्किट तुटत नाही ना?'' मालकाने मान वर न करता ''सब सेम है'' म्हणत सहा रोटरी स्विच कागदात गुंडाळले. ते तीन शब्द अजून डोक्यात आहेत.

डिकेड बॉक्स, म्हणजे खटके फिरवून हवा तेवढा रेझिस्टन्स देणारी पेटी, तशी सोपी. एकं, दहं, शतं अशा सहा दशकांचे सहा खटके, प्रत्येकावर नऊ सारखे रेझिस्टर सिरीजमध्ये. 0 ते 9,99,999 ओहम, हवा तो आकडा लावा. सोल्डरिंग दोन संध्याकाळींत उरकलं.

मग एलएम317ला जोडली. ही व्होल्टेज ठरवून देणारी चिप, दोन रेझिस्टरवर चालते: खालचा वाढला की आउटपुट वाढतं. आत 12 व्होल्ट, वर 240 ओहम, खाली पेटीवर 390. बाहेर बरोबर 3.3 व्होल्ट. जरा वाढवून बघू म्हणून शेकड्याचा खटका 3 वरून 4 वर नेला आणि पुढचं वायफाय मॉड्यूल बोट टेकवेना इतकं तापलं. गेलंच. मीटर मात्र साळसूदपणे 3.8 दाखवत होता. मी आठवडाभर मॉड्यूलला, मग सप्लायला, मग स्वतःच्या सोल्डरिंगला शिव्या घातल्या. सगळे जोड पुन्हा तापवून झाले.

शेवटी सहज पेटीच्या सिरीजमध्ये एक एलईडी लावला आणि खोलीतला दिवा मालवून खटका फिरवला. प्रत्येक 'कट्'ला एलईडी क्षणभर विझत होता! म्हणजे आधीचा पॉइंट सुटतो, पुढचा लागतो, आणि मधे रेझिस्टन्स अनंत. 317ला तेवढं पुरतं. तो आउटपुट थेट दहाच्या आसपास उडवतो. मीटरला ते दिसतच नाही, तो संथ.

स्विच परत न्यायला गेलो तर ''सोल्डर किया हुआ माल वापस नहीं.'' ग्रँट रोड स्टेशनपर्यंत चरफडत चालत आलो. मला पुढचा पॉइंट धरूनच आधीचा सोडणारे, 'शॉर्टिंग' स्विच हवे होते. चार दुकानांत विचारलं, चौघांनीही माझ्याकडे होते तसलेच काढून दाखवले. (तुम्ही जाल तेव्हा मीटर सोबत न्या. स्विचच्या शेजारच्या दोन टॅग (बाहेरच्या पट्ट्या) एकत्र धरून कॉमनशी, म्हणजे फिरत्या पात्याच्या टॅगशी, बीप लावा आणि हळू फिरवा. मधे बीप तुटला की पुढचं दुकान.)

तोडगा गाडीत सुचला. कॉलेजच्या प्रयोगशाळेतली पितळी खुंट्यांची रेझिस्टन्स बॉक्स! खुंटी बसलेली असेल तर कॉइल शॉर्ट, उपटली की सर्किटमध्ये. तिथे कधी काही तुटतच नाही. तेच टॉगलने, म्हणजे वर-खाली होणाऱ्या छोट्या स्विचने केलं. प्रत्येक दशकात 1, 2, 2, 4, बेरीज नऊ, म्हणजे जुने रेझिस्टरच पुरले. टॉगल खाली असला की शॉर्ट, वर केला की सामील. चोवीस टॉगल, झाकणाला 6 मिलिमीटरची चोवीस भोकं. दिसायला विमानाचं कॉकपिट, पण एलईडी एकदाही विझला नाही. बायकोलाही दाखवला.

हो, 100के आणि 10केचे (के म्हणजे हजार ओहम) रेझिस्टर शंभराचं पाकीट आणून मीटरने निवडा. रेझिस्टर छापील आकड्यापेक्षा एक टक्का जरी चुकला तरी नऊ लाखांत नऊ हजार इकडे-तिकडे होतात, मग एकं-दहं लावून उपयोग काय? सगळे टॉगल खाली असताना माझा मीटर 0.6 ओहम दाखवतो, त्यातले 0.2 त्याच्याच वायरींचे. आणि पाव वॉटचे रेझिस्टर असतील तर झाकणावर करंटची मर्यादा चिकटवाच: शंभराच्या दशकाला 50 मिलिॲम्प, हजाराच्या दशकाला 15. माझ्या झाकणावर ती चिठ्ठी दुसऱ्या दिवशी लागली, एक रेझिस्टर काळा पडल्यावर.