आमची वाटचाल: पाडवा ते दहीहंडी

सीएच्या हिशेबात वर्ष एप्रिल ते मार्च असतं, आमच्या टीशर्ट छपाईच्या गाळ्यातलं वर्ष पाडव्याला सुरू होतं आणि दहीहंडीला कळस गाठतं. आधी कौपिनेश्वर मंदिराच्या स्वागतयात्रेत निघणाऱ्या ग्रुपचे कुर्ते, मग उन्हाळी शिबिरं, सोसायट्यांच्या क्रिकेट टुर्नामेंट, आणि पाऊस लागला की गोविंदा पथकं. ठाण्यात टीशर्ट छापायचे म्हणजे हंडीला पर्याय नाही.

2014 ला लोकमान्यनगरच्या घरात स्क्रीन प्रिंटिंग सुरू केलं, मी आणि माझा मावसभाऊ. तो कमर्शियल आर्टवाला, मी प्रेसमध्ये काम केलेला. जाळी ताणलेली लाकडी फ्रेम, जाळीतून शाई ओढायची एक स्क्वीजी आणि एक्सपोजिंगसाठी, म्हणजे उजेड देऊन जाळीवर डिझाइन उतरवायला, आत ट्यूब बसवलेली काचेची पेटी, ती पण घरीच ठोकलेली. फ्रेम बाथरूममध्ये धुवायचो त्यामुळे आईची बोलणी रोजची. पुढे वागळे इस्टेटला भाड्याने गाळा घेतला, चार कलरचं फिरतं मशीन आणलं, दोन पोरं कामाला ठेवली.

खरं काम छपाईच्या आधी असतं. पथकाचं पोरगं येतं, म्हणतं दादा, काळ्या टीशर्टवर पुढे बाळकृष्ण, मागे साहेबांचा फोटो फुल कलर आणि खाली सौजन्य म्हणून सगळ्यांची नावं, बजेट मात्र एका रंगाचं. मग त्याला समजावायचं की प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम लागते, काळ्या कापडावर आधी पांढरा बेस मारावा लागतो, तो फ्लॅश म्हणजे हीटरखाली सुकवून मग वरचे रंग, म्हणजे चार रंग म्हटले की पाच फ्रेम. मावसभाऊ त्याला शेजारी बसवून तेच डिझाइन दोन रंगांत करून दाखवतो, फोटोचे ठिपके पाडून तो पांढऱ्यातच घेतो, आणि नव्वद टक्के वेळा तेच जास्त उठून दिसतं. साहेबांचा फोटो लहान करायचा म्हटलं की मात्र मीटिंग लांबते.

मजकूर आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर टाईप करूनच मागतो. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची फाईल कर्व्ह न करता, म्हणजे अक्षरांचे आकार न बनवता आली आणि तो मराठी फॉन्ट आपल्याकडे नसला की स्क्रीनवर काय वाट्टेल ते दिसतं. बारीक अक्षर ही वेगळी डोकेदुखी. निम्म्या मंडळांच्या नावात प्रतिष्ठान असतं आणि त्यातला ‘ष्ठ’ लहान घेतला की पोटातली जागा शाईने भरून नुसता गोळा होतो, म्हणून तेवढं अक्षर मावसभाऊ हाताने मोकळं करून घेतो.

2020 आणि 2021 ला हंड्याच झाल्या नाहीत. कापडी मास्कवर कंपन्यांचे लोगो छापून भाडं काढलं, पोरं गावी गेलेली, आम्ही दोघंच. 2022 ला निर्बंध उठले आणि सगळी पथकं एकदम आली, तिरुपूरहून माल वेळेत येईना, एक्सएल तर कुणाकडेच नव्हता.

आता डीटीएफ आलंय, म्हणजे फिल्मवर छापून हीटने कापडावर चिकटवायचं. दहावीस पीसचं काम असेल तर आम्हीच सांगतो डीटीएफ घ्या, तेवढ्यासाठी फ्रेम बनवणं परवडत नाही. पण छातीभर मोठं डिझाइन असलं तर ते स्टिकर लावल्यासारखं लागतं, घामात तर फारच, तिथे मला अजून स्क्रीनच पटतं. दुसरा वाद कापडाचा. 180 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला 180 ग्रॅमच्या कॉटनवर प्रिंट मस्त बसतो पण पाण्याच्या माऱ्यात टीशर्ट जड होतो, म्हणून पथकांना ड्रायफिट, म्हणजे लवकर सुकणारं पॉलिस्टर हवं. लाल ड्रायफिटवर साधी पांढरी शाई मारली की हीटमध्ये कापडाचा रंग वर चढतो आणि पांढऱ्याचा गुलाबी होतो, कधी कधी तर दुसऱ्या दिवशी कळतं. त्यासाठी खाली कापडाचा रंग अडवणारा ब्लॉकर लागतो, वर कमी तापमानाला पिकणारी शाई, आणि रेट वाढतो. तो का वाढला हे दर सीझनला नव्याने सांगावं लागतं.

पावसात फ्रेमच्या जाळीवर लावायचं इमल्शन लवकर सुकत नाही, म्हणून फ्रेमच्या खोलीत हवेतला ओलावा काढणारा डिह्युमिडिफायर चालू असतो आणि लाइटबिल बघवत नाही. उधारी मात्र पूर्ण बंद केली. अर्धे पैसे ऑर्डरला, उरलेले माल उचलताना, कारण गोपाळकाला झाला की खजिनदाराचा फोन लागत नाही, मग तो कितीही ओळखीचा असो.