शाळेचं स्थापना वर्ष शोधताना: माळशिरस, सातारा आणि 1876 चा पाऊस

गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या स्मरणिकेचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी पुण्यात राहतो आणि सगळी जुनी कागदपत्रं पुण्यात असतात असा गावाचा ठाम समज आहे. गाव सोलापूर जिल्ह्यातलं, तालुका माळशिरस. शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटने ‘स्थापना 1866’ लिहिलेलं. शाळेतलं सर्वांत जुनं जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांची नावं दाखल करायचं, मात्र 1879 पासून सुरू होतं. तपासणीला आलेल्या साहेबांनी रजिस्टर उघडून सरळ विचारलं, “मग 1866 कशावरून?” ते चुकीचं बोलले नाहीत. भिंतीवरच्या रंगाला पुरावा कोण म्हणेल?

सुरुवात घराजवळून करावी म्हणून तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज टाकला. दोन गोष्टी मागितल्या होत्या: शाळेच्या जागेचा जुना कागद आणि कचेरीतलं पावसाचं रजिस्टर. पाऊस कशाला, ते पुढे येईलच. तिथल्या कारकुनांनी अर्ज वाचला आणि चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं.

“पावसाचं रजिस्टर? ते कवाच गेलं ओ. ‘ड’ वर्गाचं असतंय ते.”

सरकारी दप्तर अ, ब, क, ड असं वर्गवार ठेवतात. ‘अ’ कायम जपायचं, ‘ब’ तीस वर्षं, आणि ‘ड’ वर्षभरात नष्ट केलं तरी चालतं. दीडशे वर्षांपूर्वीचा पाऊस तिथे सापडण्याची आशा संपली. जागेचा कागदही मिळाला नाही. मिळाली ती नक्कल नंतरच्या वाढीव बांधकामाची निघाली.

खरी वाट दाखवली ती सोलापूरच्या गॅझेटियरने, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीच्या सरकारी ग्रंथाने. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमालेतला हा विसावा खंड, 1884 साली छापलेला. ही गॅझेटियरं आता घरबसल्या वाचता येतात. शाळांचं प्रकरण उघडायच्या आधी मी जिल्हा कसा बनला ते वाचलं, आणि बरं झालं वाचलं. सोलापूर जिल्हा 1838 साली झाला, 1864 साली मोडला आणि 1871 साली पुन्हा जुळवला, तेव्हा सोलापूर, बार्शी, मोहोळ, माढा, करमाळा यांच्या जोडीला साताऱ्यातून पंढरपूर आणि सांगोला आले. माळशिरस आलं त्याच्याही नंतर, 1875 साली. म्हणजे 1866 साली आमचं गाव सोलापुरात नव्हतंच! सोलापूरच्या यादीत ते कितीही शोधलं असतं तरी सापडलं नसतं. 1875 नंतरच्या यादीत ते पहिल्यांदा दिसतं, आणि घाईने पाहणाऱ्याला ती नवी शाळा वाटते.

त्या काळी शाळांचा नकाशा महसुलाच्या नकाशावरच बेतलेला होता. 1854 च्या वुडच्या खलित्यानंतर (हिंदुस्थानातल्या शिक्षणाचं धोरण ठरवणारा सरकारी कागद) 1855 मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खातं आलं, त्याच्या हाताखाली विभागवार इन्स्पेक्टर आणि जिल्ह्याला डेप्युटी इन्स्पेक्टर. पैसा मात्र जमिनीतून यायचा. 1863 पासून साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसली. तिचा तिसरा हिस्सा शाळांना, बाकीचा रस्त्यांना. 1869 च्या कायद्याने ती पक्की केली. त्याआधी गावाने मास्तरच्या पगाराचा निम्मा भार उचलायचा, जागा द्यायची, मग सरकार उरलेलं देणार, अशी पद्धत होती. जिल्हा स्कूल बोर्डं 1923 च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानंतरची, जिल्हा परिषद तर 1962 ची. आमचे आजोबा शेवटपर्यंत ‘बोर्डाची शाळा’ म्हणायचे, ते त्या मधल्या काळातलं.

मग मुंबई. फोर्टमध्ये एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य अभिलेखागार. ओळखपत्र आणि कशासाठी वाचायचंय ते सांगणारं पत्र न्या. स्मरणिका समितीच्या लेटरहेडवरचं पत्र उपयोगी पडलं. तिथे सूची बघून चिठ्ठी भरायची आणि बाड, म्हणजे कागदांचा बांधलेला गठ्ठा, येईपर्यंत थांबायचं. बाडं खात्यावार आणि वर्षवार बांधलेली आहेत, गावाच्या नावाने काहीच सापडत नाही. वर्ष माहीत असेल तरच हात घालावा. साताऱ्याच्या बाडात शाळांची यादी निघाली आणि तिच्यात आमचं गाव. कागद इतका ठिसूळ की पान उलटताना कडेचे कपचे टेबलावर पडत होते. गावाचं स्पेलिंग इंग्रज कारकुनाने स्वतःच्या कानावर विसंबून लिहिलेलं, म्हणून मी मराठी उच्चार तोंडाने पुटपुटत यादी वाचत होतो. शेजारचे संशोधक वैतागले असणार.

ती यादी 1865-66 ची. इथे एक खाच आहे, ती सांगून ठेवतो. तेव्हा सरकारी हिशेबाचं वर्ष 1 मे ते 30 एप्रिल असे. एप्रिल ते मार्च हे 1867 पासून आलं. त्यामुळे ‘1865-66’ म्हणजे मे 1865 ते एप्रिल 1866. दुसरा कागद पाटलांच्या वाड्यात मिळाला, मोडीतली पावती, शाळेसाठी दिलेल्या खोलीबद्दलची. मोडी जाणणाऱ्या एका काकांनी वाचून दिली. तिच्यावर फसली सन 1275, म्हणजे महसुलाच्या कालगणनेतलं वर्ष. दख्खनेत फसली सनात 590 मिळवायचे, आणि हे वर्ष मृगाला सुरू होतं. म्हणजे जून 1865 ते जून 1866. दोन्ही कागद एकावर एक ठेवले की उरतो तो मृग 1865 ते एप्रिल 1866 एवढाच पट्टा. भिंतीवरचं 1866 त्यात बसतं, 1865 ही बसतं.

साहेबांचा प्रश्न मात्र वेगळा होता: शाळा 1866 ची असेल तर रजिस्टर 1879 पासून का? मधली सलगता दाखवा. इथे पाऊस उपयोगी पडला.

तालुक्याच्या कचेरीत रोज सकाळी पर्जन्यमापकातलं पाणी मोजून आकडा इंच आणि सेंटमध्ये लिहीत, शंभर सेंटांचा एक इंच. लिहून घेणारे मामलेदाराचेच लोक, आणि साऱ्याची वसुली, म्हणजे शाळेची पट्टीही त्यांच्याकडेच. भारतीय हवामान खातं 1875 साली निघालं. पुण्यात अर्ज केला की दैनंदिन पावसाचे आकडे मिळतात, पण संगणकावरचे बहुतेक 1901 नंतरचे. मला हवा होता त्याआधीचा काळ, म्हणून पुन्हा गॅझेटियर. 1876 साली दख्खनचा पाऊस बुडाला आणि दोन वर्षांचा दुष्काळ पडला. त्यातला सोलापूरचा भाग वाचताना घशाशी येतं. दुष्काळी कामांवरच्या मजुरांचा रोजचा दाणा 1877 च्या सुरुवातीला सरकारने आणखी कमी केला, तेव्हा लोकांनी कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारला खलित्यांवर खलिते पाठवले ते याच काळात. सारा थकला की पट्टी थकणार, पट्टी थकली की मास्तरचा पगार. आणि पगार असता तरी मुलं कुठे होती? ती आईबापांबरोबर खडी फोडायला. सोलापूरच्या पुढच्या बाडात आमच्या गावापुढे ‘दुष्काळामुळे बंद’ असा शेरा मिळाला, तेव्हा साखळी जुळली: 1865-66 साताऱ्यात, 1875 ला सोलापुरात, मग दुष्काळात बंद, 1879 ला नवं रजिस्टर.

जाता जाता एक. एकाच माणसाकडे पाऊस आणि शाळा हे त्याआधीही झालंय. बाळशास्त्री जांभेकर कुलाब्याच्या वेधशाळेचं कामही पाहत आणि मराठी शाळांची तपासणीही. 1846 मध्ये ते गेले. ‘दर्पण’मुळे ते सगळ्यांना ठाऊक, वेधशाळेचं कुणी सांगत नाही.

साहेबांनी फाइल मान्य केली, तरी सरकारी नोंदीत स्थापनेचं एकच वर्ष चालतं, पट्टा चालत नाही. समितीत रात्री उशिरापर्यंत वाद झाला. तरुण मंडळी 1865 साठी अडली, अण्णांनी मात्र साफ सांगितलं, “भिंत रंगवायला पैसे नाहीत, 66 च राहू द्या.” 66 राहिलं. स्मरणिकेत मी दोन्ही कागदांचे फोटो आणि पावसाचं कोष्टक टाकलं. छापखानावाल्याने कोष्टक काढून तिथे जाहिरात बसवायचा सल्ला दिला होता.

तुमचं गाव सांगोला किंवा पंढरपूर तालुक्यात असेल तर 1871 च्या आधीचं सगळं साताऱ्याच्या बाडांत पाहा, आणि 1848 च्याही मागे जायचं असेल तर छत्रपतींच्या सातारा राज्याच्या दप्तरात. तिथे मात्र मोडीशिवाय पाऊल टाकू नका.