कपाटात उल्का का नाही, ते एकदाचं सांगतो

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, आणि जरा सविस्तर लिहितोय, कारण दर वेळी दारात उभं राहून दोन वाक्यांत उत्तर द्यायचा आता खरंच कंटाळा आलाय. घरी कुणी आलं, माझ्या खनिज-स्फटिकांच्या कपाटासमोर उभं राहिलं, वाघोलीचं निळं कॅव्हन्साइट बघून झालं, जळगावचं स्टिल्बाइट बघून झालं, की पुढचा प्रश्न ठरलेला. "आणि उल्का? एवढे दगड आहेत, उल्का एकही नाही?" नाही म्हटलं की लगेच, अहो ऑनलाइन मिळतात की, नाहीतर लोणारला जाऊन आणायची ना. आणि ज्यांना काटोलचं माहितीये ते तर स्पष्टच म्हणतात, हातात आलेली घालवलीस.

लोणारचं आधी संपवतो. तिथे उल्केचे तुकडे पडलेले नाहीयेत. जवळपास 1.8 किलोमीटर रुंदीचा खड्डा पाडणारी ती वस्तू आदळतानाच बहुतेक वितळून, वाफ होऊन गेली. तिथे जी काच मिळते ती मुख्यतः आपल्याच काळ्या पाषाणाची, आघाताने वितळून झालेली. ते अभयारण्य आहे, 2020 पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, तिथून खडासुद्धा उचलायचा नाही. बास.

ऑनलाइन घेणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पण माझ्याकडच्या प्रत्येक पीसला गाव आहे, कुठली खाण, कुठला थर, कुणी काढून दिला, सगळं चिठ्ठीवर लिहिलेलं. बाजारात मिळणारे बरेचसे तुकडे सहाराच्या वाळवंटातून आलेले असतात आणि त्यांच्या चिठ्ठीवर 'उत्तर-पश्चिम आफ्रिका' आणि एक नंबर, एवढंच. अर्ध्या खंडाला मी गाव म्हणू शकत नाही. माझा तो स्वभाव आहे, तुमचा नसेल, ठीक आहे.

आता मुद्द्याचं. लोकांना वाटतं मी सुंदर वस्तू गोळा करतो आणि उल्का ही त्यातली सगळ्यात भारी वस्तू, म्हणून ती हवीच. पण मी गोळा करायला लागलो ते वेगळ्याच कारणाने. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे कितीतरी काळ गरम पाणी झिरपत राहिलं आणि त्यातून हे स्फटिक वाढले, अंधारात, कुणी न बघता. मग आपण रस्त्यासाठी, इमारतीसाठी सुरुंग लावतो, पोकळी फुटते, आणि आज उघडा पडलेला स्फटिक उद्या क्रशरमध्ये जाऊन खडी होतो. मी हे डोळ्यांनी बघितलंय, अख्खी भिंत हिरव्या अपोफिलाइटने भरलेली आणि पलीकडे डंपर उभा. खाणमालकाला विचारून, कामगारांना पैसे देऊन जे उचलता येतं ते मी उचलतो. मुंबईच्या खाणींतलं ओकेनाइट माझ्याकडे आहे, कापसाच्या बोंडासारखं दिसतं, बोट लावलं की तंतू चपटे होतात ते कायमचे. ते सुरुंगातून वाचलं हाच चमत्कार. मालाडचं प्रेहनाइट आहे. पुण्यातल्या पाषाण गावचं अपोफिलाइट आहे, आणि पाषाणच्या त्या खाणी आता बंद आहेत, तिथलं नवीन काही मिळायचं नाही. म्हणजे मी उचललं नसतं तर ते गेलंच असतं. माझ्या संग्रहाचं समर्थन मागाल तर एवढंच आहे, आणि मला ते पुरेसं वाटतं.

उल्केचं नेमकं उलटं आहे. ती मी उचलून कपाटात ठेवली तर ती *माझ्यामुळे* जाते.

हे मला आज असं एका ओळीत म्हणता येतं, तेव्हा येत नव्हतं. 22 मे 2012 ला भर दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोलच्या परिसरात मोठ्ठा आवाज झाला आणि आकाशातून दगड पडले. माझी मावशी काटोलची. तिचा फोन आला, आवाज एवढा की वाटलं कुठेतरी स्फोट झाला, आणि "तू दगडवाला ना, ये मग." मी गेलो. मे महिन्यातलं विदर्भातलं ऊन मी सांगायला नको. सगळे खाली बघत चालत होते, पोरं, शेतकरी, पत्रकार, सगळे, आणि प्रत्येकाच्या हातात कुठला ना कुठला काळा दगड. त्यातले बहुतेक साधेच होते, काही तर भट्टीतली लोखंडाची मळी, भोकं भोकं असलेली. उल्केला सहसा अशी भोकं नसतात, पण लोकांना भोकंवालाच दगड आकाशातला वाटतो.

मावशीच्या ओळखीतल्या एक आजी होत्या. त्यांच्या अंगणात, तुळशीपासून हातभर अंतरावर पडलेला तुकडा त्यांनी उचलून देवापाशी ठेवला होता, हळदकुंकू वाहिलेलं. बघितल्या बघितल्या कळलं. वरची साल काळी, मॅट, अगदी पातळ, आणि एक कोपरा फुटलेला तिथून आतला फिकट राखाडी भाग दिसत होता, त्यात धातूचे बारीक कण चमकत होते. मुठीत मावेल एवढा, पण तेवढ्याच आकाराच्या आपल्या काळ्या दगडापेक्षा हाताला थोडा जड. चुंबक माझ्या खिशात होतं, लावलं नाही, कारण जोरदार चुंबक लावलं की दगडात साठलेली जुनी चुंबकीय नोंद बिघडते. मी बराच वेळ नुसता धरून बसलो. आपल्या डोंगरांचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांचा आणि मी त्याच्याबद्दल लोकांना केवढ्या अभिमानाने सांगतो, आणि हे माझ्या हातात साडेचारशे कोटी वर्षांपूर्वीचं, पृथ्वी घडत होती तेव्हाचं.

आजी म्हणाल्या, "ने बाबू हा. तुले समजते त्यातलं. मी ठेवून काय करू."

पैसे घेतले नाहीत. मी देत होतो, त्यांनी हात मागे घेतला.

त्या रात्री मावशीच्या गच्चीवर झोप लागली नाही. जिऑलॉजिकल सर्व्हेची, म्हणजे सरकारच्या भूवैज्ञानिक खात्याची माणसं गावांतून फिरून तुकडे गोळा करताहेत हे मला माहिती होतं, देशात पडलेल्या उल्का त्यांच्या ताब्यात जातात हेही माहिती होतं, कलकत्त्याला त्यांचा संग्रह आहे. आणि तरी मी स्वतःला सांगत होतो की आजींनी *मला* दिलाय, सरकारला नाही. की एवढे तुकडे पडलेत, एक इकडेतिकडे झाला तर विज्ञानाचं काय अडतंय. की मी कुणी व्यापारी नाही, जिवापाड जपेन. तेव्हाच्या त्या माणसाशी मी अजून भांडतो आणि सांगायला हवं की त्याचे मुद्दे फालतू नव्हते. शेवटचा तर अजिबात नव्हता, मी जपलंच असतं. पण जपणं म्हणजे काय करणार होतो? उल्केत लोखंड-निकेलचा धातू असतो, आपल्या पावसाळी हवेत तो गंजतो, दगड आतून तडकत जातो. आणि गंजला नसता तरी माझ्याकडे त्याला प्रश्न विचारायची साधनं कुठली? भिंग आहे, एक बरा मायक्रोस्कोप आहे, संपलं.

सकाळी जाऊन दिला. कुठे पडला, केव्हा उचलला, त्याला हळदकुंकू लागलंय, सगळं सांगितलं, त्यांनी नीट लिहून घेतलं. माणसं चांगली होती. पंधरा मिनिटांचं काम.

पुढे 2021 मध्ये काटोलच्या उल्केवरचं संशोधन प्रसिद्ध झालं, आयआयटी खरगपूरच्या संशोधकांचं. त्यात ब्रिजमनाइट सापडलं. हे खनिज पृथ्वीच्या पोटात सगळ्यात जास्त आहे, साधारण 660 किलोमीटरच्या खालच्या थरात, पण तिथून वर आणायचं कसं, दाब गेला की ते टिकत नाही. आणि अवकाशात कधीतरी झालेल्या टकरीच्या दाबाने ते या दगडाच्या बारीक शिरांमध्ये तयार झालं आणि टिकून राहिलं. म्हणजे आपल्याच पायाखालची गोष्ट, जिथे कुणी पोचू शकत नाही तिथली, ती काटोलच्या संत्र्यांच्या पट्ट्यात आकाशातून येऊन पडली. ते वाचून मी अक्षरशः रडलो. माझ्याच तुकड्यात सापडलं असं मी म्हणत नाहीये, माझा तुकडा त्यात वापरला का हेही मला ठाऊक नाही. पण कपाटातल्या दगडात कुणालाच काही सापडत नाही, एवढं नक्की.

तर हे माझं उत्तर. आणि इथे थांबलो असतो तर मीही सुटलो असतो, पण आजी आहेत.

नंतर काटोलला गेलो की त्या विचारायच्या, "माहा गोटा कुठी हाय बाबू?" मी सांगायचो, नीट ठेवलाय, अभ्यास करताहेत. त्या म्हणायच्या, "मले पाहाले भेटन का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी तो विश्वासाने माझ्या हातात दिला होता, मी एका रात्रीत पुढे दिला, त्यांना न विचारता. विचारलं असतं तर त्या हो म्हणाल्या असत्या, मला जवळजवळ खात्री आहे, पण जवळजवळच. माझ्याकडे असता तर निदान दर दिवाळीला नेऊन दाखवला असता, हे माझ्यातला तो गच्चीवरचा माणूस अजून म्हणतो आणि त्याला मी गप्प करू शकत नाही.

2022 च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून जळते लोळ गेले तेव्हा पुन्हा सगळ्यांचे फोन, उल्का पडली, आता तरी जा. तो रॉकेटचा अवशेष होता, सिंदेवाहीजवळ लाडबोरीत धातूची भलीमोठी कडी पडली. मी गेलो नाही. घाबरलो म्हणून नाही, पण पुन्हा कुणाच्या तरी अंगणात जाऊन तसं हात पुढे करायचं मनात येईना.

उद्या तुमच्या शेतात खरंच पडली तर धुऊ नका, फोडू नका, चुंबक लावू नका, जागेवर असतानाच फोटो काढा, तहसीलदारांना कळवा, जिऑलॉजिकल सर्व्हेचं मोठं ऑफिस नागपूरलाच आहे. माझ्याकडे आणून देऊ नका, प्लीज. आणि ज्यांच्या हातात असे निर्णय असतात त्यांच्यातलं कुणी हे वाचत असेल तर एवढंच मागणं आहे, अभ्यास झाल्यावर एक छोटा तुकडा, नखाएवढा चालेल, काटोलमध्येच कुठेतरी लोकांना बघायला ठेवा, शाळेत, वाचनालयात, कुठेही, आणि खाली लिहा की तो कुणाच्या अंगणात पडला होता.