हजार मीटरवरून समुद्रापर्यंत: फिनाले लिगुरेची सायकलवारी

इटलीत माउंटन बायकिंग म्हटलं की सगळे डोलोमाइट्सच्या डोंगरांकडे पळतात, आणि तिकडचं भारी आहेच, पण मला कुणी विचारलं की एकच जागा सांग तर मी डोळे झाकून फिनाले लिगुरे सांगेन. जेनोवापासून फ्रान्सच्या बॉर्डरकडे निघालं की साव्होना जिल्ह्यात समुद्राला चिकटून हे गाव आहे. मागे जे डोंगर उभे आहेत ते खरं तर आल्प्सचंच समुद्राकडचं टोक, आणि ते इतके जवळ आहेत की किनाऱ्यापासून सरळ रेषेत जेमतेम दहाएक किलोमीटरवर तुम्ही हजार मीटर उंचीवर पोचता. सायकलवाल्या माणसाला यापेक्षा वेगळं काय पाहिजे!

ऑक्टोबरच्या शेवटी गेलो होतो, मी आणि तुरिनला राहणारा माझा मावसभाऊ. तो तिकडे नेहमी जाणारा, मी ट्रेल्सबद्दल वाचून वाचून तयार होऊन आलेले.

वर जायला व्हॅन असतात, मागे ट्रेलरवर सायकली लावतात आणि नऊ-दहा जण आत बसतात. रस्ता कालिचे लिगुरे, रिआल्तो अशी डोंगरातली छोटी गावं घेत घेत वर चढतो, वळणं संपता संपत नाहीत. पोचतो ती जागा म्हणजे पियान देई कोर्सी, इथे शीतयुद्धाच्या काळात नाटोचं रेडिओ स्टेशन होतं. आता सगळं बंद पडलंय, रिकाम्या इमारती आहेत, शेजारी पवनचक्क्या फिरतायत, आणि जिथनं ट्रेल सुरू होते तिचं नावसुद्धा बेस नाटो असंच पडलंय. वर गार वारा होता, खाली समुद्र चकाकत होता, आणि दुसऱ्या बाजूला हवा स्वच्छ असेल तर बर्फाचे आल्प्स दिसतात. आम्हाला दिसले.

आता उतरणीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्यासाठी फिनाले म्हणजे हेच. एकाच उतरणीत तुम्ही चार वेगळ्या जंगलांतून जाता. अगदी वर बीचवृक्षांचं जंगल आहे, उंच गुळगुळीत राखाडी खोडं, खाली झुडपं जवळजवळ नाहीतच, नुसता तांबूस पानांचा सडा आणि माती मऊ, त्यामुळे सायकल अक्षरशः तरंगल्यासारखी जाते. जरा लक्ष देऊन बघितलं की मधेच उतारावर गोल सपाट जागा दिसतात, कोणीतरी मुद्दाम खणून केल्यासारख्या. तिथे पूर्वी लाकडाचा कोळसा पाडायचे. भाऊ मागनं ओरडत होता, "ताई, ब्रेक सोड, सोड ब्रेक!" आणि मी मात्र त्या जागा बघायला थांबत होते, मला त्यात फार रस आहे.

जरा खाली आलं की चेस्टनटची झाडं सुरू होतात. या डोंगरातल्या लोकांनी कित्येक पिढ्या चेस्टनटवर काढल्यात, गहू इथे पिकणार तरी कुठे, म्हणून या झाडाला ते भाकरीचं झाड म्हणत. मेलोन्यो खिंडीच्या पलीकडे कालिझ्झानोला अजूनही दगडी खोपट्यांत खाली मंद जाळ करून वर चेस्टनट वाळवतात, कित्येक दिवस धूर देत, आणि त्याचं पीठ करतात. आम्ही गेलो तेव्हा काटेरी टरफलं सगळीकडे पडलेली आणि ट्रेलवर पानांचा एवढा थर की खालचा दगड दिसत नाही, इथे वेग कमी केलेला बरा. आणि खाली पडलेत म्हणून चेस्टनट उचलून पिशवीत भरायचे नाहीत, त्या झाडांना मालक आहेत.

मग तिसरं जंगल, खरं भूमध्यसागरी. सदाहरित ओक, एरिकाची झुडपं, रोझमेरी, रानातला थाइम, टायर घासून गेला तरी वास सुटतो. स्ट्रॉबेरी ट्री म्हणतात त्या झाडाला शरदात एकाच वेळी पांढरी फुलं आणि लाल पिकलेली फळं असतात, मागच्या वर्षीच्या फुलांची फळं या वर्षी पिकतात म्हणून असं होतं. इथे जमीनही बदलते, मऊ माती संपून चुनखडीचा दगड येतो, धारदार आणि कोरडा असला तर पकड एकदम छान, पण त्यावर पाऊस पडला की साबण. हलके टायर घेऊन कोणी येऊ नये, जाड आवरणाचे, आत ट्यूब नसलेलेच लावा, आणि ब्रेक पॅड नवीन घालून या. उतरण एवढी लांब चालते की पाय कमी आणि हाताचे पंजेच जास्त दुखतात.

शेवटी ऑलिव्हच्या बागा, उतारावर पायऱ्या-पायऱ्या करून लावलेल्या. त्यांचे बांध कोकणात जसे गडगे असतात तसेच, नुसते दगडावर दगड रचलेले, चुना नाही सिमेंट नाही, डोंगरभर. ही दगड रचायची विद्या 2018 साली युनेस्कोच्या यादीत आली, इटलीसकट युरोपातल्या आठ देशांची मिळून. ट्रेल या गडग्यांच्या मधून, जुन्या खेचरांच्या वाटांवरून जाते. माझं म्हणणं एवढंच आहे की फिनालेच्या बऱ्याच वाटा सायकलसाठी जन्मलेल्या नाहीत, कोळसेवाले, चेस्टनटवाले, ऑलिव्हवाले यांच्या पायाखाली शेकडो वर्षं मळलेल्या आहेत, आणि ते डोक्यात ठेवून चालवलं की त्याच उतरणीत दुप्पट मजा येते.

रेसिंगवाल्यांना हे गाव माहीत असतंच. एंड्युरो म्हणजे मुख्यतः उतरणीच्या टप्प्यांची वेळ मोजतात अशी माउंटन बाइक रेस; तिच्या एंड्युरो वर्ल्ड सिरीजचा पहिला सीझन 2013 मध्ये झाला, त्याची शेवटची रेस इथेच झाली, त्या वर्षी जेरोम क्लेमांत्झ आणि ट्रेसी मोझली चॅम्पियन झाले. तेव्हापासून गर्दी वाढली, व्हॅन वाढल्या. आणि इथे मला जरा स्पष्ट बोलायचंय: नुसतं व्हॅनने वर आणि सायकलने खाली, दिवसातनं चार वेळा, असं करून परत जाणारे लोक अर्धं फिनाले बघतच नाहीत. वरच्या उंचीसाठी व्हॅन घ्या, जरूर घ्या, पण निदान मानिएचं पठार तरी स्वतःच्या पायांनी चढा.

फिनालेचाच एक भाग असलेल्या फिनाले पियापासून मानिएला अरुंद डांबरी रस्ता चढतो, तीनशे मीटरच्या आसपास चढ, दमवतो पण मारत नाही. वर पठारावर शेतं, द्राक्षांचे छोटे मळे, ओकची झाडी, आणि एक प्रचंड गुहा आहे, आर्मा देल्ले मानिए, तिच्यात निअँडरथल माणसांच्या वस्तीच्या खुणा सापडल्यात. याच पठारावर चोवीस तासांची सायकल रेस होते, तिचे ट्रेल्स वळणावळणाचे, छोटे चढ छोटे उतार, नवीन माणसालाही जमतील असे.

पठारावरून खाली उतरलं की व्हाल पोंची. ही दरी मला सगळ्यात जास्त आवडली. इसवी सनापूर्वी 13 मध्ये ऑगस्टसच्या काळात रोमनांनी व्हिया यूलिया ऑगुस्ता नावाचा रस्ता काढला, इटलीतून गॉलकडे म्हणजे आजच्या फ्रान्सकडे जाणारा, तो या दरीतनं जातो. त्यावरचे दगडी पूल दुसऱ्या शतकातले, सम्राट हेड्रियनच्या वेळचे. काहींचे अवशेष उरलेत, पण पोंते देल्ले फाते, म्हणजे पऱ्यांचा पूल, तो अगदी धड उभा आहे, एक कमान, नीट तासलेले दगड, आणि बाजूला पाटी सोडली तर काही नाही, ना तिकीट ना कुंपण. पुलावर सायकल हातात धरून चालत गेलो, कोणी सांगितलं म्हणून नाही, तिथे चालवावीशीच वाटली नाही. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीचा पूल पायाखाली आहे हे कळल्यावर भाऊसुद्धा गप्प झाला, आणि तो सहसा गप्प होत नाही.

व्हारिगोत्ती गावाकडे उतरतानाचा समुद्र तर बघाच, पण तिथनं नोलीला जाणारी कड्यावरची यात्रेकरूंची पायवाट चालणाऱ्यांची आहे, ती सायकल ठेवून करावी. आम्ही तशीच केली. एकूणच चालणारे दिसले की थांबायचं, वाट द्यायची, "बोंजोर्नो" म्हणायचं, समोरचे आजी-आजोबा इतकं छान हसून उत्तर देतात. शरदात रानडुकरांची शिकार चालते, तेव्हा वाटेच्या तोंडाशी पाटी लावतात. पाटी दिसली की त्या वाटेला जायचंच नाही, वाद घालायचा नाही. जमीन बरीचशी खाजगी आहे आणि ओल्या मातीत ब्रेक दाबून मागचं चाक घसरवत नेलं की त्याची दुरुस्ती गावातल्याच कोणाला तरी फावडं घेऊन करावी लागते.

राहायला फिनालबोर्गो निवडा, समुद्रकाठचा भाग नको. तटबंदीच्या आतलं मध्ययुगीन गाव, संध्याकाळी चौकात सगळीकडे चिखलाच्या सायकली आणि दगड चढणारे क्लाइंबर्स, कारण इथली चुनखडी त्यांचीही पंढरी आहे. खायला फारिनाता मागा, चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, मोठ्या तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजलेलं. कडेचा कुरकुरीत तुकडा मिळाला तर नशीब. शाकाहारी मंडळींची इथे चंगळ आहे, फोकाच्चा हा पाव आहे, पेस्टो म्हणजे बेसिलची चटणी घातलेली त्रोफिए (एक पास्ता) आहे (पेस्टोत चीज असतं, चालत नसेल तर आधी विचारा), आणि वर कडवट-गोड किनोत्तो, साव्होनाच्या त्याच नावाच्या छोट्या संत्र्यांवरून आलेलं पेय.

जायचं तर ऑक्टोबर ते मे. मागचे डोंगर उत्तरेचा गारठा अडवतात म्हणून डिसेंबर-जानेवारीतही खालच्या ट्रेल्स चालू असतात, जेव्हा बाकीच्या आल्प्सवर बर्फ पडलेलं असतं. जुलै-ऑगस्ट टाळा, ऊन आणि समुद्रावरची गर्दी दोन्ही असह्य. जेनोवाहून ट्रेन थेट येते, स्टेशन समुद्राजवळच आहे, आणि सायकल भाड्याने तिथेच मिळते, फक्त दीडशे मिलिमीटरच्या आसपास सस्पेन्शनवाली, म्हणजे धक्के झेलायला चाक तेवढं वरखाली होणारी, मागा आणि चांगली हवी असेल तर ऑक्टोबरसाठी आधीच बुक करा.