न्येरीची कॉफी आणि वजनाची पावती

नोव्हेंबरात केनियातल्या न्येरीला पहाटे थंडी चांगलीच झोंबते. नैरोबीहून थिका, मग कराटिना, आणि पुढे लाल मातीच्या चढानं आम्ही सहकाऱ्याच्या आईच्या घरी पोचलो होतो. घरातली मुलं त्यांना ‘शोशो’ म्हणतात, म्हणजे आजी. मीही तेच म्हणते. सकाळी सहाला शोशो डोक्याला फडकं बांधून शांबात हजर. शांबा म्हणजे शेत. हे तर अर्ध्या एकराचंही नाही: कॉफीची अडीचशेएक झाडं, कडेनं केळी, थोडा मका, गोठ्यात एक गाय.

मी सांगलीकडची, उसाच्या घरातली. आमच्याकडे तोडणी आली की अख्खा फड रिकामा होतो. इथं एकाच फांदीवर हिरवी, पिवळट आणि लालभडक फळं शेजारी शेजारी असतात, आणि हात लागतो तो फक्त लालला. दहा-बारा दिवसांनी पुन्हा त्याच झाडाशी यायचं. माझ्या हातून घाईत दोन हिरवी फळं तुटली. शोशोंनी ती टोपलीतून वेचून बाजूला ठेवली, बोलल्या काहीच नाहीत. तोडलेली फळं मोजायचं माप म्हणजे पत्र्याचा वीस लिटरचा डबा. त्याला स्वाहिलीत ‘डेबे’ म्हणतात. तोडणीची मजुरीही डेब्यावरच ठरते. घरापासून इतक्या लांब हा शब्द कानावर पडला आणि मला फार बरं वाटलं.

शोशोंची जुनी झाडं ‘एसएल २८’ या वाणाची. १९३० च्या दशकात स्कॉट प्रयोगशाळेनं निवडलेलं हे वाण पावसाची ओढ सोसतं आणि चवीला अव्वल, पण तांबेऱ्यापुढे टिकत नाही. म्हणून बांधालगत त्यांनी रोग सोसणारं ‘रुइरू ११’ लावलंय. ही झाडं आज इथं आहेत याचंही मोल आहे. इंग्रजांच्या राज्यात कॉफी गोऱ्या मळेवाल्यांची, आफ्रिकन शेतकऱ्याला ती लावायला जवळजवळ बंदीच. १९५४ च्या स्विनर्टन योजनेनंतर, म्हणजे वसाहती सरकारच्या शेतीसुधार योजनेनंतर, ती छोट्या शेतांमध्ये मोठ्या प्रमाणावर आली.

तोडलेलं फळ त्याच दिवशी ‘फॅक्टरी’त पोचवायचं असतं. फॅक्टरी म्हणजे सहकारी सोसायटीचं, नदीकाठचं, पत्र्याच्या छपराचं केंद्र. दुपारी तिथं ताडपत्र्या अंथरलेल्या होत्या. प्रत्येक बाई आपलं पोतं त्यावर ओतत होती आणि गुडघे टेकून हिरवं, किडकं, जास्त पिकलेलं फळ वेगळं काढत होती. या कॉफीची चव खरी घडते ती या ताडपत्रीवर, असं मला मनापासून वाटतं.

निवडून झाल्यावर वजन आणि वजनाची पावती. मग यंत्र फळाची साल काढतं. आतल्या दोन बिया बुळबुळीत असतात, बोटांतून निसटतात. रात्रभर त्या हौदात आंबतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या कामगारानं मूठभर बिया माझ्या तळहातावर चोळून दाखवल्या. नदीतले बारीक खडे घासावेत तसा खरखर आवाज आला. हा आवाज आला की चिकटा गेला, आता धुवायला घ्यायचं. लांबलचक पाटातून पाणी सोडतात. भरीव बी तळाशी बसतं, हलकं पुढं वाहून जातं. शेवटी उंच मांडवांवर एक-दोन आठवडे वाळवण. कडक ऊन झालं की झाकायचं, रात्रीही झाकायचं. अगदी आपल्याकडच्या पापड-कुरडयांसारखी त्यांच्यावर नजर ठेवावी लागते.

साधारण सहा-सात किलो फळांतून एक किलो कच्ची कॉफी निघते. पुढं गिरणीत दाण्याच्या आकारावरून प्रत लागते. मोठ्या दाण्याची प्रत ‘एए’. मग नैरोबीचा लिलाव, आणि तिथून युरोप-अमेरिकेतली दुकानं. तिकडचे चव घेणारे या कॉफीत ‘ब्लॅककरंट’ या छोट्या काळ्या फळासारखी आंबटगोड चव सांगतात. मला विचाराल तर करवंद. चांगलं पिकलेलं, तरीही शेवटी जिभेला हलकी आंबट टोचणी देणारं करवंद.

पण ज्या हातांनी ही चव राखली, त्यांना पैसे मिळायला कित्येक महिने लागतात. फळ घालताना दर ठाऊकच नसतो. तो ठरतो कॉफी विकल्यावर, गिरणीचा, वाहतुकीचा आणि सोसायटीचा खर्च वजा करून. उसाच्या बिलाची वाट बघत बसलेले आमचे अण्णा मी लहानपणापासून बघत आलेय, त्यामुळे हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. १९८७-८८ च्या हंगामात केनियानं सव्वा लाख टनांहून जास्त कॉफी पिकवली होती, आता आकडा पन्नास हजारांच्या आसपास असतो. न्येरीच्या वाटेवर लोकांनी झाडं उपटून चारा लावलेली, घरं बांधलेली शेतं दिसली. मला त्यांना नावं ठेवाविशी वाटली नाहीत.

संध्याकाळी शोशोंनी दुधाचा दाट चहा केला. पावती घडी करून कपाटावरच्या डब्यात ठेवली. त्यात आधीच्या पावत्यांची चळत होती, रबर लावलेली.

मार्चअखेर पाऊस झाला आणि त्यांच्या मुलानं फोनवर फोटो पाठवला. फांद्या पांढऱ्या फुलांनी गच्च भरल्या होत्या. सगळ्या घराला मोगऱ्यासारखा वास येतोय म्हणाला. मी दराचं विचारलं. अजून जाहीर झालेला नाही.