को ताओला रेग्युलेटर दुरुस्ती शिकायला जाणार असाल तर

मालवणात बोटी वर ओढल्या की आम्हा स्कूबावाल्यांना जवळपास तीन महिने हात बांधून बसावं लागतं. यंदा तो वेळ कामी लावायचा ठरवला आणि थायलंडच्या को ताओ बेटावर गेलो. रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासापुरती करून तोंडात देणारं उपकरण, आम्ही त्याला रेग म्हणतो) आणि सिलिंडर यांची सर्व्हिसिंग शिकायची होती. शिकून आलो, पण ज्या कोर्ससाठी आगाऊ पैसे भरले होते त्यात ते शिकवतच नाहीत, हे तिथे पहिल्याच दिवशी दुपारी कळलं. माझे दोन दिवस आणि बरेच पैसे गेले. तुमचे जाऊ नयेत.

मी बुक केलेल्या कोर्सचं नाव 'इक्विपमेंट स्पेशालिस्ट'. बुकिंग करून देणारा फोनवर स्वच्छ म्हणाला होता, "हे कार्ड मिळालं की तुम्ही टेक्निशियन." हे धादांत खोटं आहे. तो कोर्स सामान वापरणाऱ्या डायव्हरसाठी आहे. रेग कसा धुवायचा, बीसीडी म्हणजे हवा भरायचं जॅकेट कसं वाळवायचं, मास्कचा पट्टा तुटला तर काय करायचं, दुकानात सामान घेताना काय पाहायचं, एवढंच त्यात असतं. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचा हा कोर्स दहा वर्षांचं पोरही करू शकतं आणि त्यात पाण्यात उतरायची सक्ती नाही. कोर्स वाईट नाही आणि रेग उघडायचा अधिकार देतो असा दावा त्याच्या साहित्यात कुठेही नाही. खोटं बोलला तो विकणारा. मालवण, तारकर्ली, गोवा इथल्या कुणीही दुरुस्तीसाठी म्हणून या कार्डावर पैसे घालू नयेत.

मला याचा राग का आला ते सांगतो. आमच्याकडे सीझनमध्ये एकच रेग दिवसभर तोंडातोंडी फिरतो. वापरणारे बहुतेक जण आयुष्यात पहिल्यांदा पाण्याखाली जात असतात. सेकंड स्टेजच्या, म्हणजे रेगच्या तोंडात धरायच्या भागाच्या, एक्झॉस्ट व्हॉल्व्हखाली (सोडलेला श्वास बाहेर जातो ती झडप) वाळूचा एक कण अडकला तरी श्वासाबरोबर पाणी येतं. मुरलेला डायव्हर ते गिळून पुढे जाईल, पण पर्यटक घाबरून वर झेपावतो. असं कार्ड खिशात घालून कुणी रेग खोलायला बसला तर भोगणार तो पर्यटक.

सुदैवाने बेटावर खऱ्या वर्कशॉपमधला, टेबलावर बसून करायचा कोर्स चौकशी केल्यावर सापडला. चार दिवस, आम्ही तिघेच विद्यार्थी. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी कुणालाही पाना धरू दिला नाही. आधी हवेची वाट समजून घ्या, म्हणाल्या. भरलेल्या ॲल्युमिनियम टाकीत २०७ बारपर्यंत दाब असतो. टाकीवर बसणारा रेगचा भाग, फर्स्ट स्टेज, तो भोवतालच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त एवढ्यावर आणते. याला मधला दाब किंवा सगळे म्हणतात तसं आयपी म्हणायचं. सेकंड स्टेज तो आपल्या श्वासाच्या पातळीला आणते. फर्स्ट स्टेजमधली हाय प्रेशरची सीट, म्हणजे हवा अडवणारी चकती, झिजली की आयपी हळूहळू चढत राहतो, त्याला क्रीप म्हणतात. चढता चढता सेकंड स्टेजला तो रोखवेनासा होतो आणि रेग आपोआप वाहू लागतो. इतकी वर्षं आम्ही वाहणारा रेग दिसला की सेकंड स्टेजचा स्क्रू आवळत होतो. रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे, आणि वर श्वास घ्यायला रेग जड होत होता तो वेगळाच.

दुसऱ्या दिवशी मी रेगची एक बॉडी जवळजवळ वाया घालवली. ओ-रिंग (हवा गळू न देणारी रबरी कडी) काढायला हाताशी असलेला स्टीलचा टोच्या घेतला, तेवढ्यात बाईंनी हात धरला. ओ-रिंग बसते त्या खाचेवर स्टीलचा एक ओरखडा उठला की तिथून हवा गळतच राहते, मग कितीही नव्या रिंगा घाला. काम पितळेच्या किंवा प्लास्टिकच्या पिकने, म्हणजे टोच्यानेच करायचं. आमच्याकडे सर्रास सुई वापरतात. ती बंद करा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एकट्याने बसवलेली फर्स्ट स्टेज टाकीला लावली, पर्ज, म्हणजे हवा सोडायचं बटण, दाबून सोडला आणि आयपी गेजवरचा काटा साडेनऊ बारला येऊन थांबला. दहा मिनिटं बघत उभा होतो. काटा हलला नाही. त्या दहा मिनिटांसाठी मी हा सगळा प्रवास पुन्हा करीन.

आता पैशांचं. कोर्सची फी ठरलेली होती. शेवटच्या दिवशी हातात आणखी एक बिल आलं ते फीच्या निम्म्याहून जास्त. सरावासाठी वापरलेल्या प्रत्येक सर्व्हिस किटचे, म्हणजे नव्या सीटा, ओ-रिंगा, फिल्टर यांचे, वेगळे पैसे लावले होते. एक किट मी उघडलंही नव्हतं, तेही त्यात होतं. भांडून तेवढं कमी करून घेतलं, बाकीचं भरलं. शिकवणं उत्तम, हिशेब वाईट. तुम्ही जाल तेव्हा किटा फीमध्ये धरल्यात का, किती रेग उघडायला मिळणार, स्वतःचे रेग आणले तर चालतील का, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या. स्वतःचे दोन रेग न्याच. तुमच्या रोजच्या मॉडेलवर हात बसतो आणि परतताना ते सर्व्हिस होऊनच येतात.

सर्टिफिकेटबद्दलही भ्रम नको. असा सर्वसाधारण कोर्स हाताला वळण देतो, पण सुटे भाग मिळवून देत नाही. बहुतेक मोठ्या कंपन्या आपल्या किटा आणि सर्व्हिस मॅन्युअल अधिकृत डीलरलाच देतात, आणि त्यांच्या टेक्निशियन सेमिनारला बसायचं तर बहुधा डीलरच्या नावानेच जावं लागतं. त्यामुळे आधी आपल्या सेंटरमध्ये कोणत्या ब्रँडचे रेग जास्त आहेत ते मोजा, त्या ब्रँडच्या वितरकाशी बोला, मग तिकीट काढा. मी उलट्या क्रमाने केलं. पाच ब्रँडचे रेग बाळगणाऱ्या सेंटरने आधी ते दोनावर आणावेत, हे माझं स्पष्ट मत आहे.

सिलिंडरचं शिक्षण पूर्णपणे वेगळं आहे. रेगच्या कोर्सात ते धरू नका. चौथ्या दिवशी अर्धा वेळ त्याची फक्त तोंडओळख झाली, पण अंगावर काटा आला. जुन्या ६३५१ मिश्रधातूच्या ॲल्युमिनियम टाक्यांना मानेपाशी भेगा पडतात, म्हणून आत दिवा आणि आरसा घालून आटे तपासायचे. पाऊण इंची आट्याच्या टाकीत एम-२५ या दुसऱ्या मापाच्या आट्यांचा व्हॉल्व्ह काही आटे धरतो आणि बसल्यासारखा वाटतो. दाब भरला की तो गोळीसारखा उडू शकतो. व्हॉल्व्ह आणि टाकी दोन्हींवरचे शिक्के वाचल्याशिवाय जोडी लावू नका. आणि तिकडचं तपासणीचं स्टिकर म्हणजे इथली हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने टाकीची चाचणी) नव्हे. आपल्याकडे २०१६ चे गॅस सिलिंडर नियम लागू आहेत, ते पाहणाऱ्या पेसो या केंद्र सरकारी संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे, आणि टेस्ट मान्यताप्राप्त केंद्रातच करायची. नायट्रॉक्सवाल्यांनी (जास्त ऑक्सिजन मिसळलेली हवा वापरणाऱ्यांनी) ग्रीससुद्धा बदलायला हवं: जास्त ऑक्सिजनमध्ये साधं सिलिकॉन ग्रीस पेट घेऊ शकतं.

प्रवासात त्रास झाला तो चुंफोनला, म्हणजे जिथे रेल्वेतून उतरून को ताओची बोट धरायची तिथे. बँकॉकहून दक्षिणेच्या लांब पल्ल्याच्या गाड्या २०२३ पासून क्रुंग थेप अफिवत स्टेशनातून सुटतात. जुन्या माहितीवर विसंबून मी हुआ लाम्फोंग या जुन्या स्टेशनावर गेलो आणि गाडी जेमतेम गाठली. ती पहाटे चुंफोनला सोडते. कॅटामरान बोटीचा धक्का तिथून २७ किलोमीटरवर आहे, म्हणून बससकट तिकीट काढा. अंधारात स्टेशनवर बसून डास मारण्यात माझी सगळी उमेद गेली होती, त्यामुळे समुद्र पार करताना काय दिसलं ते आठवत नाही. बेटावरच्या माए हाट धक्क्यावरून साइरी किनाऱ्यापर्यंत पिकअपवाले अवाच्या सवा मागतात. सामान हलकं असेल तर चालत जा, अर्ध्या तासात पोचाल. स्कूटरसाठी पासपोर्ट तारण ठेवू नका. मध्ये दोन डाइव्ह केले, छान झाले.

जायचं तर जून ते ऑगस्ट. आपला समुद्र बंद असतो आणि तिकडचा चालू. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये थायलंडच्या आखातात वादळी हवा असते आणि तेव्हा आपला सीझन असतो. पिक, पाने, आयपी गेज हे सगळं चेक-इन बॅगेत टाका.

घरी आलो त्याच संध्याकाळी बोटवाल्या मामाने सेंटरमधले चार रेग टेबलावर आणून ठेवले. "कार्ड गावला मां? मगे खोल," म्हणाला. त्यातल्या दोन रेगच्या किटा मी आणल्या होत्या, ते उघडले. उरलेल्या दोन रेगना लाल चिकटपट्टी लावून कपाटात टाकलं. मामा नाराज आहे, पण किटा आल्याशिवाय ते बोटीवर चढणार नाहीत.