आमसुलासारखे झालेले रबर

मालवणजवळच्या सर्जेकोट बंदरात मी गेली २२ वर्षे मच्छीमार बोटींची डिझेल इंजिने दुरुस्त करतो. पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या मोटारीच्या वाटेला मी आपण होऊन कधी गेलो नसतो. गेलो तो मामांमुळे. त्यांची १९६८ची फियाट ११०० डिलाइट सड्यावरच्या घरामागच्या मांगरात, गवताच्या पेंढ्यांशेजारी, १९ वर्षे उभी होती. तिच्या टपावर कोंबड्या बसत आणि डिकीत एका वर्षी मुंगसाने पिल्ले घातली होती. एका गणेशचतुर्थीला जेवण झाल्यावर मामा मला म्हणाले, ‘‘माका एकदा तिच्यातून कट्ट्याक जावचा आसा.’’ कट्टा हे आमच्याकडचे एक गाव. वयाची ८० उलटलेल्या माणसाने हात धुता धुता टाकलेले ते वाक्य मी हसण्यावारी नेले असते, तर पुढची दोन वर्षे बरीच सुखात गेली असती.

काम दोन पावसाळे चालले. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या ६१ दिवसांत बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि आम्हा मेकॅनिकांना तेव्हाच श्वास घ्यायला फुरसत नसते. त्यामुळे गाडीला मिळत त्या केवळ रात्री. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याची काया हाच तिचा सांगाडा. म्हणून दारांखालचे गंजलेले पत्रे नुसते सजावटीचे नव्हते, गाडीचे वजन तेच पेलत होते, आणि ते नव्याने कापून वेल्ड करण्यात पहिला पावसाळा गेला. इंजिन जाम होते. प्लगच्या भोकांतून डिझेल आणि गिअरबॉक्सचे पातळ ऑइल यांचे मिश्रण ओतून, दर दोन दिवसांनी पान्याने किंचित हलवून पाहत राहिल्यावर अकराव्या दिवशी ते फिरले. इंजिनाचे काम माझ्या हातचे होते, त्याबद्दल अधिक काही लिहीत नाही.

माझ्या हातचे नव्हते ते ब्रेक. बोटीला ब्रेक नसतो. उलट्या गिअरवर बोट थांबते किंवा धक्क्यावर आपटते, आणि दोन्ही वेळा बोटीचा प्रमुख तांडेल मेकॅनिकलाच शिव्या घालतो. या फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. पेडल दाबले की मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइल बारीक नळ्यांतून प्रत्येक चाकाच्या सिलिंडरकडे ढकलतो आणि तिथले पिस्टन ब्रेकशू ड्रमवर दाबतात. ऑइल मागे गळू नये म्हणून प्रत्येक पिस्टनपाशी वाटीच्या आकाराचा, अंगठ्याच्या नखाएवढा एक रबरी कप असतो. आजच्या गाड्यांत ब्रेकच्या नळ्यांचे दोन स्वतंत्र मार्ग असतात, एक फुटला तरी दुसऱ्यावर गाडी थांबते. मामांच्या गाडीत मार्ग एकच होता. चारांपैकी एका चाकाचा कप हरला की चारही चाके मोकळी.

जुने सिलिंडर उघडले तेव्हा आत खड्डे पडलेले दिसले. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते, ते पाणी सिलिंडरच्या तळाशी साचते आणि ओतीव लोखंडाला तिथेच पोखरते. कोकणच्या हवेत १९ वर्षे उभ्या असलेल्या गाडीत याहून वेगळे काही सापडले असते तर मला आश्चर्य वाटले असते. खड्ड्यांवरून कप घासत राहिला तर फाटणारच, तेव्हा सिलिंडर बदलणे भाग होते. काढलेले सिलिंडर मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, डिझेलमध्ये बुडवून ठेवले. टाकून का दिले नाहीत, याला सवयीखेरीज दुसरे कारण नाही.

जुन्या मोटारींत फियाटवाल्याचे नशीब त्यातल्या त्यात बरे म्हणायचे. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी आधी डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि १९७४पासून पद्मिनी या नावाने निघत राहिली. पुढची जाळी आणि दिवे बदलले, पण १०८९ सीसीचे इंजिन आणि खालचा बराच सांगाडा तोच राहिला. त्यामुळे मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींचे पुष्कळसे सामान आमच्या गाडीला चालते. अडचण एवढीच की ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सीही २० वर्षांची वयोमर्यादा गाठून मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, आणि ज्या दुकानदारांचे गिऱ्हाईक ५० वर्षे टॅक्सीवालेच होते त्यांनी नवा माल भरणे थांबवले. त्या हिवाळ्यात मी कोकणकन्येने तीनदा मुंबईला गेलो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एक दाराची काच आणि हँड गिअरच्या दांड्याचे बुश मिळाले. चोरबाजारात मीटरची काच हाती लागली, शिवाय गरज नसलेला एक हॉर्नही घेतला. (तो आता माझ्या घराच्या फाटकाला आहे.) ब्रेकचे सिलिंडर मात्र कुठे मिळत नव्हते. शेवटी एका जुन्या दुकानाच्या पोटमाळ्यावरून, धुळीने मऊ झालेल्या खोक्यांत ते निघाले. मेणकागदात गुंडाळलेले, आतबाहेर ग्रीस चोपडलेले, कधीही न बसवलेले सिलिंडर, पिस्टन आणि कपांसकट. दुकानदाराने पैसे मोजून घेतले आणि म्हणाला, ‘‘माल जुना आहे, बघून बसवा.’’ मी पाहिले ते लोखंड, आणि लोखंड आरशासारखे होते.

बोटीच्या इंजिनात समुद्राचे पाणी ओढणाऱ्या पंपात रबराचा इंपेलर, म्हणजे पाकळ्यांचे चाक, असतो. वर्षानुवर्षे दुकानात पडून राहिलेला इंपेलर मी कोणालाही बसवू देत नाही. बोटांनी पाकळी वाकवून, ती किती चपळाईने सरळ होते ते पाहिल्याशिवाय तो पंपात जात नाही, यावरून पोरांना मी कित्येकदा फैलावर घेतले आहे. तोच मी ते कप एकदाही वाकवून पाहिले नाहीत. वस्तू गाडीची होती, दुर्मीळ होती आणि मेणकागदात होती, एवढ्याने माझी अक्कल बंदरावरच राहिली.

कार्तिकातल्या एका सकाळी गाडी पहिल्यांदा फाटकाबाहेर काढली. आदल्या संध्याकाळी मदतनीस मुलाला पेडलवर बसवून मी चारही चाकांच्या ब्रेक ऑइलमधली हवा काढली होती आणि अंगणात दहा-बारा वेळा गाडी मागेपुढे करून ब्रेक पाहिले होते. पेडल कडक होते. हँडब्रेकची केबल अजून जोडायची होती. ती दुपारी जोडू, असे मी म्हणालो होतो. मामा धुतलेला सदरा घालून माझ्या शेजारी बसले. घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत जांभ्याची घाटी आहे, सुमारे ३०० मीटरची, एका बाजूला काजूची बाग आणि दुसऱ्या बाजूला चिऱ्यांचा कंबरेएवढा गडगा. मध्ये एक वळण आहे, आणि घाटी संपते तिथे एसटीचा थांबा.

पहिला उतार दुसऱ्या गिअरमध्ये नीट पार पडला. वळणाच्या अलीकडे मी पेडल दाबले, गाडी मंदावली, मामांनी समाधानाने मान हलवली. वळणापलीकडे उतार जास्त आहे म्हणून मी पाय अधिक जोर देऊन रोवला, आणि पायाखाली काहीतरी सुटल्यासारखे पेडल थेट पत्र्याला टेकले. दुसऱ्यांदा मारले, अर्धे वर धरले आणि पुन्हा बसले. तिसऱ्यांदा काहीच नाही. त्याच क्षणी दुसरा गिअरही निसटला, कारण दांड्याचे नवे बुश मी बसवले होते पण सांधे अजून पक्के कसले नव्हते. पहिला गिअर या गाडीत धावताना पडत नाही, तरी मी घाबरून तोच पाडू पाहिला आणि नुसती दातांची करकर ऐकू आली. ‘‘मामानू, दार धरून ऱ्हवा!’’ एवढेच मला म्हणता आले.

मामांचा आवाज मात्र स्थिर होता. ‘‘मेल्या, गडग्याक लाव! गडग्याक लाव!’’

मी स्टिअरिंग डावीकडे दिले. मडगार्ड जांभ्याला घासत गेले, एक चिरा निसटून बंपरखाली आला, गाडी त्याच्यावर चढली, थोडी तिरपी झाली आणि थांबली. एसटीच्या थांब्यावर दोन शाळकरी मुली आणि एक टोपलीवाली बाई उभी होती. त्यांच्यापासून आम्ही ४० पावलांवर होतो. ही पावले मी नंतर मोजली, आणि मोजायला नको होती असे वाटले. मामांना खरचटलेसुद्धा नव्हते. ते उतरले, त्यांनी आधी गडगा पाहिला आणि मग गाडी.

दुपारी दोरी लावून गाडी वर ओढून आणली. मागच्या उजव्या चाकाच्या आतली बाजू ऑइलने भिजली होती. ड्रम काढला, सिलिंडर सोडवला आणि त्यातला कप तळहातावर घेतला. बाहेरून तो काळा, गुळगुळीत, नवा दिसत होता. अंगठ्याने कडा दाबली तर ती वाकली नाही. आणखी दाबली तेव्हा काठावर केसासारख्या भेगा उमलल्या आणि एका जागी काठाची चंद्रकोर तुटून हातात आली. वाळवून वाळवून कडक झालेल्या आमसुलाला असते तशी ती कडा आत वळलेली होती. सिलिंडरच्या भिंतीला ऑइलच्या दाबाने चिकटून बसायचे हेच त्या कडेचे काम. अंगणातल्या हलक्या दाबाला तिने तग धरला. घाटीवर पाय रोवल्यावर ती मोडली, आणि पुढच्या प्रत्येक पंपाला ऑइल त्याच वाटेने ड्रममध्ये गेले. बाकीचे कप काढून वाकवले. दोन तितकेच कडक होते, उरलेले बरे, पण एकाचाही मला भरवसा वाटेना. रबराला वापरच झिजवतो असे नाही. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला खोक्यातही खात असतात, आणि मेणकागद लोखंडाला गंजापासून वाचवतो, रबराला काळापासून नाही.

दोष दुकानदाराचा होता असे मला कितीतरी जणांनी सांगितले. मला ते पटत नाही. त्याने बघून बसवा म्हटले होते.

पुढे काय करायचे यावर मामांशी थोडा वाद झाला. काही जण अशा गाड्यांच्या पुढच्या चाकांना आधुनिक गाडीचे डिस्क ब्रेक बसवतात; ब्रेक लागतात उत्तम, हे मी नाकारत नाही. पण मामांना गाडी होती तशीच हवी होती आणि शिवाय व्हिंटेज म्हणून नोंदवायची होती. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेल्या खाजगी गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो, परंतु इंजिनात, चासीत किंवा कायेत मोठे फेरबदल केलेले चालत नाहीत. ब्रेक त्यात मोडतात की नाही हा तर्क मामांनी ऐकूनच घेतला नाही. मग मला बिस्किटांचा डबा आठवला.

डबा घेऊन फोंडा घाटातून कोल्हापूरला गेलो. उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याला मी खड्डे पडलेले मूळ सिलिंडर दाखवले आणि त्यांत पितळेच्या स्लीव्ह बसवायला सांगितले, कारण खाऱ्या हवेत लोखंड किती टिकते आणि पितळ किती, हे मला बोटींच्या पंपांनी आणि व्हॉल्व्हांनी शिकवले आहे. त्याने बोअर, म्हणजे सिलिंडरचे आतले भोक, थोडा मोठा केला, पितळी नळी दाबून घट्ट बसवली आणि आतून पुन्हा मूळ मापाला घासली. ऑइल यायचे आणि हवा काढायचे भोक स्लीव्हने झाकले जाते, म्हणून त्या जागा मी आधीच बाहेरून पंच मारून ठेवल्या होत्या. तरी पहिल्या सिलिंडरला तो भोक पाडायचे विसरलाच. नवे रबर शोधायला मात्र मुंबईला जावे लागले नाही. बोअर वर्निअरने मोजला, त्याच मापाचे ताज्या बनावटीचे कप तिथल्याच एका स्पेअर पार्टच्या दुकानात मिळाले. दुकानाच्या पायरीवर बसून मी एकेक कप चिमटीत वाकवून पाहिला, तेव्हा दुकानातला मुलगा माझ्याकडे संशयाने बघत होता. बसवताना हातातले डिझेल साबणाने दोनदा धुतले, कारण खनिज तेल लागले की हे रबर फुगते. कपांना फक्त ब्रेक ऑइल लावले.

या वेळी हँडब्रेक आधी जोडला आणि गिअरचे सांधे कसले. घाटीवर नेण्यापूर्वी अंगणात इंजिन बंद ठेवून, दोन्ही पायांनी पेडल जीव खाऊन दाबून मी पाच मिनिटे बसून राहिलो आणि मदतनीस मुलगा बॅटरीचा झोत टाकत चारही चाकांखाली फिरला. जमीन कोरडी होती. मामा तोच सदरा घालून आले. त्यांच्या हातात फणसाच्या लाकडाची एक उटी होती. ती मांडीवर घेऊन ते बसले. वळणावर मी ब्रेक दाबला, वळणापलीकडे पुन्हा दाबला, आणि एसटीच्या थांब्यापाशी गाडी उभी केली तेव्हा मामांनी उतरून ती उटी मागच्या चाकाखाली सारली, पायाने ठोकली, आणि मग विचारले, ‘‘कट्टो हयसून किती लांब?’’